एकोणीस रेघा

१

ऑरिन हॉगलंडकडे रायफल बनवून घ्यायला आलेल्या माणसाचा पहिला दिवस फुकट जायचा. नळी निवडायची तर ती आधी खोलीच्या हवेला आली पाहिजे, असं ऑरिनचं ठाम मत. दोन-तीन कोऱ्या नळ्या तो बाकावर फडक्यावर आडव्या मांडून ठेवी, आणि गिऱ्हाईक हात चोळत आत आलं की म्हणे, "आज नाही. आज त्या आराम करतायत." शंभर मैल गाडी हाकून आलेला माणूस यावर चिडणारच. पण चिडून परत जात कोणी नसे. मोंटानात हजार यार्डांवरच्या नेमबाजीच्या सामन्यात वर येणाऱ्या निम्म्या रायफलींवर, नळीच्या पोटाला, ऑरिनचा बारीक शिक्का असायचा.

दुसऱ्या दिवशी खरं काम. शिशाची गोळी नळीच्या तोंडात बसवायची आणि डोळे मिटून गजानं हळूहळू पुढे सरकवायची. कुठे सैल पडते, कुठे अडते, ते तळव्याला कळतं. टोकाकडे जाताना किंचित आवळत जाईल ती नळी चांगली. मध्येच सैल पडणारी दिसायला कितीही देखणी असो, ऑरिन ती बाजूला सारी. "ही बडबडी आहे," म्हणे. "आज एक सांगेल, उद्या दुसरं."

नळीचं आयुष्य फार नसतं. प्रत्येक गोळीच्या आगीनं नळीचा घसा, म्हणजे काडतुसाच्या लगेच पुढचा भाग, थोडा थोडा जळतो. तीनेक हजार गोळ्या झाल्या की संपली. अशी संपलेली नळी ऑरिनच्या परसात टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून रोवली जाई. तिथे आता पंधरावीस तरी होत्या. काहींनी राज्याच्या ढाली जिंकलेल्या, पण टोमॅटोला त्याचं काय.

मार्चच्या अकरा तारखेला ऑरिनचा एकुलता एक मुलगा क्लेटन पुलावरच्या बर्फावरून गाडीसकट नदीत गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता. बापाच्याच वर्कशॉपात तो रायफलींचे लाकडी दस्ते बनवायचा आणि सामनेही खेळायचा. त्यानंतर ऑरिननं एकही नळी निवडली नाही. गिऱ्हाइकांचे फोन वाजून वाजून बंद झाले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सून आली. शॉना. तिच्या खांद्यावर क्लेटनची रायफल होती.

"मला ही पुन्हा चालती करून हवी आहे, ऑरिन," ती म्हणाली. "जुलैच्या शेवटच्या शनिवारी सामना आहे. यंदा त्याच्या नावानं ठेवलाय. त्याच्या जागी मी उतरणार."

"तू?"

"तोंड असं करू नका. मला शिकवलं कोणी होतं?"

ऑरिननं रायफल घेतली. "नळी संपली आहे हिची," तो म्हणाला. "तो स्वतःच म्हणाला होता सप्टेंबरात. माझ्याकडे दोन कोऱ्या पडल्यात, दोन्ही चांगल्या. उद्या ये, तुझ्या हातानं निवड."

"मला कोरी नको. मला जिंकायचं नाहीये. त्याच्या गोळ्या हिच्यातून गेल्यात. पहिल्या दिवशी मैदानावर मी त्याला पाहिलं तेव्हा हीच नळी होती, नवी कोरी, आणि बाईसाहेबांसारखी तिची बडदास्त चालली होती. माझ्याकडे आता दुसरं काय आहे?"

"पोरी, नळी म्हातारी होते. तरुण झालेली मी तरी पाहिली नाही."

"एकदा आत बघा तरी," शॉना म्हणाली. ती रडली नाही. पण जाताना दारात इतका वेळ थांबली की ऑरिनलाच मान फिरवावी लागली.

२

त्यानं नळी उतरवली, पुसली, आणि एक दिवस कोऱ्या दोघींच्या शेजारी फडक्यावर ठेवली. मग बारीक कॅमेरा आत घातला. घशाची दशा वाईटच होती. उन्हाळ्यात तळं आटलं की तळाशी जसा चिखल तडकतो, तसं सगळं लोखंड तडकलेलं. मग मापाचा गज. या गजावर त्यानं स्वतः रेघा कोरलेल्या होत्या. घसा जितका जळलेला, तितका गज आत जाणार. कोऱ्या नळीत पहिली रेघसुद्धा आत जात नाही. क्लेटनच्या नळीत एकोणीस गेल्या. त्यानं भिंतीवरच्या कार्डावर आकडा लिहिला: १९.

एक उपाय होता. जळालेला भाग दोन इंच कापून टाकायचा आणि पुढे नवा घसा कोरायचा. नळी आखूड होते, पण दोनएकशे गोळ्या तरी सरळ जातात. ऑरिनला हा प्रकार आवडत नसे. मेलेल्याला दाढी करून बसवल्यासारखं वाटतं, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. आता ते वाक्य आठवून त्याला स्वतःचीच शरम वाटली.

लेथचा पट्टा तुटलेला होता, नवा शुक्रवारी यायचा होता. त्यानं शॉनाला फोन केला. "शुक्रवारी कापतो. जमेल."

"थँक यू," ती म्हणाली.

त्या दिवसांत ऑरिनला रोज सकाळी बुटाच्या नाड्या बांधताना रडू यायचं. नाड्या बांधतानाच का, ते त्याला कळत नव्हतं. पलंगाच्या कडेला बसून तो वाकायचा आणि तिथेच राहायचा, पाच मिनिटं, कधी दहा. स्वयंपाकघरात चर्चमधल्या बायकांनी दुखवट्यात जेवण भरून आणून दिलेली झाकणाची भांडी अजून परत करायची राहिली होती. प्रत्येक भांड्याखाली पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं. ती नावं वाचायचाही त्याला कंटाळा आला होता.

३

शुक्रवारी पट्टा आला. ऑरिननं तो बसवला, नळी लेथमध्ये धरली, आणि कापण्याआधी सवयीनं पुन्हा माप घेतलं.

सोळा.

त्यानं गज काढला, पुसला, पुन्हा घातला. सोळा. उलटसुलट करून, हात बदलून, चष्मा बदलून पाहिलं. सोळाच रेघा.

पहिल्यांदा चुकलो असणार, तो स्वतःशी म्हणाला. पण चुकलो म्हणजे कसा? चाळीस वर्षांत त्याचं माप अर्ध्या रेघेनं चुकलं नव्हतं. आत काजळी बसली असेल तर गज कमी जाईल खरा, पण नळी त्यानं स्वतः साफ केली होती. हवेचं म्हणावं, तर वर्कशॉपात भट्टी आणि खिडकी दोन्ही होत्या तशाच. त्यानं कॅमेरा आत घातला. तडे होते. फक्त कडेचे काही, जे त्याला स्पष्ट आठवत होते, ते दिसले नाहीत.

या धंद्यात एक नियम आहे आणि तो कोणाला शिकवावा लागत नाही: चांगलं लोखंड कापायचं नाही. सोळाची नळी एकोणिसाच्या नळीपेक्षा कमी कापावी लागते. मग आत्ता दोन इंच का घालवायचे? नीट खात्री करू, सोमवारी कापू. त्यानं लेथ बंद केलं.

कार्डावर १९ च्या खाली १६ लिहिताना त्याच्या ध्यानात आलं की आज सकाळी नाड्या बांधताना आपण रडलो नाही. उलट शीळ घालत होतो. त्याला ते आवडलं नाही. पण दुपारी त्यानं दोन अंडी जास्त खाल्ली आणि खुर्चीतच गाढ झोपला, कित्येक आठवड्यांत प्रथमच.

४

सोमवारी अकरा रेघा होत्या.

खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला. हातात धरलेली वस्तू बरी होत असेल तर कारागिराला आनंद होणारच. मग अक्कल कितीही ओरडत असो. त्यानं शिशाची गोळी सरकवून पाहिली. जळालेल्या नळीत खरखरते तशी ती खरखरली नाही. हळूच सरकली, आणि टोकाकडे थोडी आवळली. बाकावरच्या दोन्ही कोऱ्यांपेक्षा सरस. त्यानं शॉनाला कळवलं.

"माझी चूक झाली. नळी चांगली आहे. कापायची गरज नाही."

"तुमची चूक?" ती हसली. फोनवर ती कितीतरी दिवसांनी हसली होती. "कॅलेंडरवर लिहून ठेवते. ऐका ना, मलाही बरं वाटतंय या दोनचार दिवसांत. काल मी त्याचे बूट आवरले. रडूबिडू आलं नाही. वाईट आहे का हे?"

"नाही गं. असंच व्हायचं."

त्याच दुपारी डेल्बर्ट स्कीन आला. मैदानाची किल्ली याच्याकडे, सामन्याच्या सगळ्या याद्या यानं करायच्या, आणि तोंड म्हणाल तर चोवीस तास चालू. त्यानं स्वतःच कॉफी ओतून घेतली.

"म्हाताऱ्या, जिवंत आहेस म्हणायचा. मला वाटलं तुलाही टोमॅटोत रोवला."

"तुझ्याआधी नाही."

"बरं, क्लेटन कुठाय? यादीत नाव टाकायचंय त्याचं. बरेच दिवस झाले, दिसला नाही मला."

ऑरिननं कप खाली ठेवला. डेल्बर्टला सगळ्या गोष्टींची मस्करी करायची सवय होती, अगदी स्वतःच्या बायकोच्या आजाराचीही. पण याची नाही. क्लेटनच्या शवपेटीला ज्या सहा जणांनी खांदा दिला, त्यांत डाव्या बाजूला पुढे डेल्बर्ट होता. कबरीपाशी ढसाढसा रडणारा डेल्बर्टच होता.

"डेल्बर्ट," तो म्हणाला, "काय विचारतोयस?"

"अरे, काय विचारतोय म्हणजे? भाग घेणार आहे की नाही? की नवरा-बायकोचं भांडण झालंय?" डेल्बर्टचा चेहरा साधा होता. त्यावर मस्करीचं काही नव्हतं. मग त्याच्या कपाळाला आठी पडली, एखादं नाव जिभेवर येऊन अडकावं तशी. "तो... काहीतरी झालं होतं ना? बर्फात?"

"घरी जा, डेल्बर्ट," ऑरिन म्हणाला.

५

तो गाडी घेऊन थेट कबरस्तानात गेला. ऊन होतं, कापसाच्या झाडांची पांढरी भुसभुस रस्त्यावर उडत होती. बायकोची कबर कोपऱ्यात, तिच्या डाव्या हाताला क्लेटनची. दगड अजून बसवला नव्हता. जमीन बसायला वर्ष लागतं, असं कबरस्तानवाल्यांनी सांगितलं होतं. तोवर नुसती मातीची उंच रास आणि नावाची पत्र्याची पट्टी.

आता बायकोच्या डाव्या हाताला गवत होतं. गुडघ्याएवढं जुनं गवत, मुळं एकमेकांत गुंतलेली. ऑरिन खाली बसला आणि बोटांनी उपटून पाहू लागला. जमीन दगडासारखी घट्ट होती. इथे कधी कोणी फावडं लावलंय असं कुणीही म्हटलं नसतं.

आपलं डोकं गेलं, हा पहिला विचार. त्याची आई अशीच गेली होती, शेवटी शेवटी तिला आरशातली बाई ओळखू येईना. पण डोकं माझं जाईल, गवत कसं वाढेल? आणि डेल्बर्टचं डोकंही त्याच दिवशी कसं गेलं? तो गवतात बसून राहिला. मातीची रास आठवायचा प्रयत्न केला, तर ती आठवली. पण त्या दिवशी पाऊस होता की ऊन, पाद्री काय बोलला, शॉनानं कोणता कोट घातला होता, काही केल्या आठवेना.

घरी आल्यावर त्यानं स्वयंपाकघराची फडताळं उघडली. चर्चमधल्या बायकांची भांडी नव्हती. परत केलेली त्याला आठवत नव्हती.

क्लेटनची वही वर्कशॉपात होती. कोणत्या दिवशी किती गोळ्या, वारा कुठून, नेम कुठे लागला, सगळं पेन्सिलीनं टिपलेलं. ऑरिननं शेवटची पानं उघडली. ती कोरी होती. खोडलेली नव्हती, खोडरबराचा एक कणही नव्हता. दुकानातून आणल्यासारखी सफाईदार कोरी. मागे मागे उलटत गेला तेव्हा चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात मुलाचं अक्षर सापडलं.

नळी सहा वर्षांपूर्वीची होती. शॉना भेटली ती तिच्याचमुळे, लग्न झालं ते पाच वर्षांपूर्वी. नळी पुन्हा कोरी झाली, तर यातलं काहीच घडलेलं नसणार.

ऑरिननं गज घातला. सात रेघा. त्यानं एका कोऱ्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं: क्लेटन गेला. ११ मार्च. आणि ते भिंतीवर, डोळ्यांसमोर ठोकलं.

त्यानंतर रोज सकाळी वर्कशॉप उघडलं की तो ते कार्ड वाचायचा, आणि रोज सकाळी त्याला ते नव्यानं कळायचं.

६

शॉना बोलावल्याबरोबर आली. ऑरिननं तिला सगळं दाखवलं. आकड्यांचं कार्ड, वही, गज. तिनं स्वतः गज घातला: पाच. ती स्टुलावर बसली. म्हाताऱ्याला वेडं ठरवायची संधी होती, पण तिनं ती घेतली नाही.

"काल दहा मिनिटं," ती म्हणाली, "मी सिंकपाशी उभी राहून बोटातल्या अंगठीकडे बघत होते. कोणी घातली ते आठवेना. मजा म्हणजे, मला भीतीही वाटली नाही. छान वाटत होतं. ऊन आलं होतं, रेडिओ चालू होता." तिनं तळवे डोळ्यांवर दाबले. "मग आठवलं, आणि असं वाटलं की कोणीतरी पोटात लाथ मारली. ऑरिन, मला ती लाथ हवी आहे."

"पोरी, हे सगळं थांबलं नाही तर... कबर नाहीये तिथे. मी पाहून आलो. म्हणजे कदाचित तो..."

"कदाचित काय?" ती खाडकन म्हणाली. "परत येईल? आणि आला तर कोणाकडे येईल? मी त्याला ओळखणार नाही. पाच वर्षं राहिलो आम्ही. त्याला झोपेत बोलायची सवय आहे. होती. काय बोलायचा ते आत्ता मला अर्धंच आठवतंय, आणि तुम्ही मला 'कदाचित' सांगताय."

ऑरिननं गज पुसून बाकावर ठेवला.

"कापा ती," शॉना म्हणाली. "अजून आहे काहीतरी जळलेलं आत. ते आहे तोवर कापा, करवतीनं दोन तुकडे करा. मला सामना नको, काही नको. माझं दुःख माझं आहे. ते जाऊ देऊ नका. शब्द द्या मला."

"दिला," ऑरिन म्हणाला.

"आत्ता."

"तू जा. तुझ्यासमोर नको. तासाभरात करतो."

ती उठली, आणि कधी नव्हे ते तिनं त्याला मिठी मारली. गाडीपर्यंत जाताना दोनदा वळून पाहिलं. ती त्याच्याकडे विश्वासानं पाहत होती, हे ऑरिनला पुरतं कळलं होतं.

७

करवतीच्या यंत्राच्या चिमट्यात त्यानं नळी आवळली. पातं घशाच्या बरोब्बर वर आणलं. भर दुपार होती. खिडकीतून ऊन बाकावर पडलं होतं. समोर कार्ड होतं आणि त्यानं ते मुद्दाम पुन्हा वाचलं. क्लेटन गेला. बरं. गेला तर गेला, पण तो माझा होता आणि तिचा होता. त्यानं बटणावर बोट ठेवलं.

तेव्हा बाहेर गाडी थांबली.

क्लेटनच्या गाडीचा डिझेलचा आवाज ऑरिनला झोपेतही कळला असता. इंजिन बंद झालं. दार आपटलं, एकदा, आणि नीट लागलं नाही म्हणून पुन्हा एकदा. मग खडीवरून पावलं. उजवा पाय किंचित घासत. बाराव्या वर्षी घोड्यावरून पडला होता तेव्हापासून तो असाच चालायचा. पावलं सावकाश वर्कशॉपाच्या दारापर्यंत आली आणि थांबली.

दाराच्या वरच्या अर्ध्यात काच होती, वर्षानुवर्षांच्या धुळीनं आंधळी झालेली. काचेत एक आकार उभा राहिला. टोपी, खांदे. डोकं जरा पुढे झुकलेलं. चेहऱ्याच्या जागी काचेवर फक्त ऊन होतं, आणि त्या आकाराच्या टोपीवरून, बाह्यांवरून पाणी खाली ठिबकत होतं. जूनच्या उन्हात खडीवर ते पडल्याचा आवाज येत होता. टप. टप.

"क्लेट?" ऑरिन म्हणाला.

दाराची कडी अर्धी फिरली. आणि तिथेच थांबली, जणू पुढे फिरवायला अजून थोडं काहीतरी कमी पडत होतं.

ऑरिनला सगळं समजत होतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे. त्याला कार्ड आठवत होतं, दिलेला शब्द आठवत होता, सुनेनं वळून पाहिलेलं आठवत होतं. पाच रेघा उरल्यात, त्या कापल्या तर दारातलं हे पुन्हा नदीत जाईल. न कापल्या तर शॉनाची पाच वर्षं जातील. दोन्ही त्याला अगदी नीट समजलं. बटणावरचं बोट त्यानं काढून घेतलं. आधी थोडं, मग पूर्ण. कोणत्या बापानं दाबलं असतं? तो रडत होता, मोठ्यानं, लाज सोडून. "माफ कर, पोरी," तो म्हणाला. ते ऐकायला तिथे ती नव्हती.

त्यानं चिमटा सैल केला, नळी काढली, पुसली, आणि फडक्यावर दोन कोऱ्या नळ्यांच्या शेजारी ठेवून दिली. मग भिंतीवरचं कार्ड काढून भट्टीत टाकलं.

८

जुलैच्या मध्यावर एक बाई आली. अडतिशीची, उन्हानं रापलेली, डोळ्यांत जरा थकवा. तिनं सांगितलं की तिला हजार यार्डांची रायफल बनवून घ्यायची आहे. कधी खेळलेली नाही, पण हल्ली सारखं वाटतंय की आपल्याला येतं.

"बसा, मॅडम," ऑरिन म्हणाला. त्याची तब्येत उत्तम होती. "नळ्या कालपासून बाकावर आहेत, म्हणजे तुम्ही नशीबवान. हात लावून बघा."

तीन कोऱ्या नळ्या होत्या, तिन्ही सारख्या, एकीवरही शिक्का नव्हता. बाईनं पहिलीला हात लावला, दुसरीला लावला. तिसरीवर तिचा हात राहिला. तिनं तो उचलला नाही.

"ही," ती म्हणाली.

"शिशाची गोळी सरकवून आधी बघायला हवं. घाई करणाऱ्याला मी..." पण तो पुढे बोलला नाही. बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती स्वतःच बावरून ते पुसत होती.

"सॉरी," ती म्हणाली. "मला काय होतंय कळत नाही. काही झालेलं नाही मला. खरंच."

ऑरिनला अतिशय वाईट वाटलं. एवढं वाईट अनोळखी बाईसाठी का वाटावं ते त्याला कळेना. या बाईला आपण काहीतरी द्यायचं होतं आणि दिलं नाही, असं काहीसं वाटून गेलं. त्यानं तिच्यासाठी कॉफी ओतली, साखर विचारली. दस्त्याचं बोलू म्हणाला. "लाकडाचं काम माझा मुलगा करतो. हात फार चांगला आहे त्याचा. येईलच आता."

"बाहेर उभे आहेत ते?"

"हो, तोच."

"मी आले तेव्हा मला तिथे कोणी दिसलं नाही," बाई दाराच्या काचेकडे बघत म्हणाली. "आत बसल्यापासून दिसतायत. पूर्ण भिजलेत हो ते."

"येईल. त्याला जरा वेळ लागतो." ऑरिननं आवाज चढवला. "क्लेट, आत ये ना रे. गिऱ्हाईक आहे."

काचेमागचं डोकं किंचित वर झालं. कडी फिरली, पुरी फिरली यावेळी, आणि पुन्हा मूळ जागी गेली. दार काही उघडलं नाही. उंबऱ्याखालून पाण्याची बारीक धार आत येऊ लागली होती.

"मी उघडते," बाई म्हणाली आणि उठली.

"नको," ऑरिन म्हणाला. त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. आपण एवढ्या जोरानं का धरलं हे त्यालाही सांगता आलं नसतं. "नका उघडू. कृपा करा. बसा इथे माझ्याजवळ."

बाई बसली. का कोण जाणे, तिनं मनगट सोडवून घेतलं नाही. दोघं दाराकडे बघत बसून राहिली, आणि थोड्या वेळानं ऑरिन उठून तिसरा कप घेऊन आला.